पिवळ्याला परवानगी लागत नाही: हौशी कार रेसमधले झेंडे आणि कॉर्नरवरची माणसं

ताशी 160 किलोमीटर वेगातली गाडी सेकंदाला साधारण 44 मीटर कापते. वळणापलीकडे एक गाडी गिरकी खाऊन ट्रॅकवर आडवी उभी आहे आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरला ती दिसत नाही, असं धरा. झेंडा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत पाऊण सेकंद जातो, म्हणजे 33 मीटर गेले. चांगल्या टायरवर जीव खाऊन ब्रेक मारला तरी पूर्ण थांबायला आणखी शंभरेक मीटर लागतात. आता झेंडा दाखवणाऱ्यानेच दोन सेकंद उशीर केला असेल, तर त्यातच 89 मीटर खर्च झालेले असतात. कॉर्नरवर, म्हणजे वळणावर, झेंडे घेऊन उभ्या असलेल्या मार्शलची सगळी शिस्त या दोन सेकंदांसाठी आहे.

झेंड्यांच्या रंगांचा तक्ता कुठेही मिळतो आणि टीव्हीवर रेस बघणाऱ्यांना तो पाठही असतो. नवा माणूस अडतो ते दुसरीकडे. कोणता झेंडा कुणी ठरवायचा, तो कुठल्या पोस्टवर (मार्शल उभे असतात ती ट्रॅककडेची चौकी) लागतो, खाली कधी घ्यायचा, आणि घडलेली गोष्ट रेस जिथून चालवतात त्या कंट्रोल रूमपर्यंत कुठल्या क्रमाने सांगायची, हे तक्त्यात नसतं. इथे मुख्य आधार घेतलाय तो अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीएच्या क्लब रेसिंगचा. 1944 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या हौशी रेस आजही स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. भारतात एफएमएससीआय ही संघटना एफआयएच्या, म्हणजे कार रेसिंगच्या जागतिक महासंघाच्या, नियमांच्या चौकटीत काम करते. दोन्हीकडचे काही नियम वेगळे आहेत आणि एक फरक तर चांगलाच धोक्याचा आहे. तो पुढे येईलच.

कोणता झेंडा कुणाच्या अखत्यारीत

झेंड्यांचे दोन गट पाडले की अर्धं काम सोपं होतं.

पहिल्या गटात पिवळा, निळा, पांढरा आणि पिवळ्या-लाल उभ्या पट्ट्यांचा झेंडा येतो. हे पोस्टवरच्या माणसाने डोळ्यांनी बघून, कुणालाही न विचारता दाखवायचे असतात. गाडी फिरली की आधी पिवळा वर जातो, मग रेडिओ. उलट क्रमाने, म्हणजे आधी रेडिओवर ‘पिवळा दाखवू का?’ असं विचारत बसणं ही नव्या मार्शलची सर्रास होणारी चूक आहे आणि तीच सगळ्यात महाग पडते. कंट्रोल रूमला तो कॉर्नर दिसत नसतो, कॅमेरा असला तरी नेमक्या त्या क्षणी त्यावर कुणाची नजर असेलच असं नाही. गरज नसताना पिवळा दाखवला तर दोन ड्रायव्हर वैतागतील, एवढंच. तो पाच सेकंदांनी खाली घेता येतो.

दुसऱ्या गटात लाल, काळा, केशरी गोळा असलेला काळा, सगळ्या पोस्टवर एकाच वेळी लागणारे दुहेरी पिवळे आणि रेस संपल्याचा चौकड्यांचा झेंडा. यांचा निर्णय अधिकाऱ्यांचा, म्हणजे रेसच्या प्रमुख स्टुअर्डचा किंवा क्लार्क ऑफ द कोर्सचा. पोस्ट फक्त तो निर्णय दाखवते. कारण साधं आहे. पोस्टला आपला तुकडा दिसतो, कंट्रोलला अख्खा ट्रॅक. समजा पाचव्या पोस्टने घाबरून स्वतःच्या मनाने लाल दाखवला. तिथे पोचलेल्या गाड्या जागच्या जागी थांबू लागतील, पण तिसऱ्या-चौथ्या पोस्टवर काहीच नसल्यामुळे मागचे पूर्ण वेगात त्यांच्यावर येऊन आदळतील. लाल झेंडा सगळ्या पोस्टवर एकदम लागला तरच तो सुरक्षित. पोस्टला लाल हवा असेल तर ती मागणी करते: काय दिसतंय ते सांगते आणि ‘ट्रॅक पूर्ण बंद आहे’ असे स्पष्ट शब्द वापरते. हुकूम आला की झेंडा वर.

पिवळा: स्थिर, फडकता आणि त्यानंतरचं

एससीसीएमध्ये पिवळ्याच्या दोन पायऱ्या आहेत. स्थिर धरलेला पिवळा म्हणजे धोका आहे, वेग कमी करा, ओव्हरटेक बंद. गाडी ट्रॅकबाहेर गवतात आहे पण आघाताच्या टप्प्यात आहे, तेव्हा हा. फडकवलेला पिवळा म्हणजे मोठा धोका, गाडी किंवा माणूस खुद्द ट्रॅकवर आहे, थांबायचीही तयारी ठेवा. फडकता पिवळा लागला की त्याच्या आधीची पोस्ट सहसा स्थिर पिवळा दाखवून पाठराखण करते, म्हणजे ड्रायव्हरला दोन टप्प्यांत इशारा मिळतो.

एफआयएच्या पद्धतीत पिवळा फडकवतातच. एक फडकता म्हणजे धोका ट्रॅकच्या कडेला किंवा ट्रॅकच्या काही भागावर. एका माणसाने दोन हातांत दोन फडकवले तर ट्रॅक पूर्ण किंवा अंशतः अडलेला आहे, किंवा मार्शल ट्रॅकवर अथवा अगदी कडेला काम करताहेत. एससीसीएत मात्र ‘दुहेरी पिवळा’ म्हणजे संपूर्ण ट्रॅकवर, प्रत्येक पोस्टवर पिवळं, बहुधा पेस कारसोबत, म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून वेग आवरणाऱ्या गाडीसोबत. एकच शब्द, दोन वेगळे अर्थ. ब्रीफिंगमध्ये झोप काढणारे इथे फसतात.

दुसरा फरक पिवळा संपतो कुठे याचा. एफआयएच्या ट्रॅकवर घटनेच्या पुढच्या पोस्टवर हिरवा फडकतो आणि तिथून ओव्हरटेक सुरू. एससीसीएच्या क्लब रेसमध्ये असा हिरवा दाखवत नाहीत. धोक्याची जागा ओलांडली की बंदी संपली, हे ड्रायव्हरने स्वतः ओळखायचं.

झेंडा लागतो तो घटनेच्या आधीच्या पोस्टवर. पोस्टची जबाबदारी तिच्या झेंड्यापासून पुढच्या पोस्टच्या झेंड्यापर्यंतच्या तुकड्याची. त्यामुळे गाडी तुमच्या पायाशी पण झेंड्याच्या अलीकडे अडकली असेल, तर तिच्यासाठी तुमच्या आधीच्या पोस्टने पिवळा दाखवायला हवा. तुमचा झेंडा ड्रायव्हरला तेव्हा दिसेल जेव्हा तो आधीच त्या गाडीवर पोचलेला असेल. म्हणूनच एफआयएच्या नियमांत दोन लागोपाठच्या पोस्टना एकमेकी दिसल्या पाहिजेत आणि त्यांच्यात 500 मीटरपेक्षा जास्त अंतर नसावं, असं म्हटलंय. आधीच्या पोस्टचा पिवळा दिसला की आपल्याकडे काही नसलं तरी मान तिकडे वळते.

याचं अंगावर येणारं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या लागुना सेकाचं. तिथलं ‘कॉर्कस्क्रू’ हे वळण चढाच्या माथ्यावर सुरू होतं आणि 137 मीटरच्या अंतरात ट्रॅक सुमारे 18 मीटर खाली उतरतो. माथ्यावर पोचलेल्या ड्रायव्हरला समोर आभाळ आणि झाडांचे शेंडे दिसतात, उतारावर आडवी पडलेली गाडी दिसत नाही. तिथे चढावरच्या पोस्टचा झेंडा हाच त्याचा डोळा.

पिवळा वेळेवर दाखवण्याइतकंच वेळेवर काढणंही महत्त्वाचं. गाडी निघून गेली, माणसं कठड्यामागे परतली, तरी पिवळा दोन फेऱ्या तसाच लटकत राहिला, की ड्रायव्हर मनात नोंद करतात: या पोस्टचा पिवळा खोटा असतो. पुढच्या खऱ्या पिवळ्याला ते वेग कमी करत नाहीत.

लाल झेंड्याचा घातक फरक

एफआयएच्या नियमांनुसार लाल झेंडा दिसला की ताबडतोब वेग कमी करायचा, ओव्हरटेक करायचा नाही आणि पिट लेनकडे, म्हणजे गाड्यांची दुरुस्ती होते त्या ट्रॅकलगतच्या गल्लीकडे, सावकाश परत यायचं. एससीसीएच्या क्लब रेसिंगमध्ये लाल म्हणजे अत्यंत धोका: लगेच पण ताब्यात ठेवून ट्रॅकच्या कडेला गाडी उभी करायची आणि पुढची सूचना येईपर्यंत हलायचं नाही. तिथे सगळ्यांना पिटमध्ये बोलवायचं असेल तर वेगळा संकेत आहे, सगळ्या पोस्टवर काळा झेंडा.

चेन्नईत रेस केलेला ड्रायव्हर नोकरीनिमित्त न्यू जर्सीत गेला आणि तिथल्या क्लबच्या रेसमध्ये उतरला, तर लाल दिसल्यावर सवयीने पिटकडे जाऊ लागेल. त्या वेळी अँब्युलन्स उलट दिशेने येत असण्याची शक्यता असते, कारण सगळ्या गाड्या उभ्या असतील असं गृहीत धरूनच तिला सोडलेलं असतं. तिकडून इकडे आलेला ड्रायव्हर भर ट्रॅकवर ब्रेक मारून थांबेल, ते तितकंच वाईट. म्हणून कुठल्याही नव्या ट्रॅकवर, नव्या क्लबकडे जाताना पहिला प्रश्न हाच विचारावा: ‘लाल दिसला तर थांबायचं की पिटमध्ये यायचं?’

निळा: सगळ्यात कठीण

पिवळा दाखवायला डोळे आणि हात लागतात. निळ्याला डोकं लागतं. एससीसीएत तो निळ्यावर तिरपा पिवळा पट्टा असा असतो. स्थिर म्हणजे मागे अगदी जवळ कुणीतरी आहे, फडकता म्हणजे तो ओव्हरटेक करायला बघतोय. क्लब रेसमध्ये हा झेंडा फक्त माहिती देतो, बाजूला होण्याचा हुकूम करत नाही. स्वतःची गाडी घेऊन शिकायला येणाऱ्यांच्या ट्रॅक-डेमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी निळा दिसला की हाताने खूण करून मागच्याला पुढे जाऊ द्यावंच लागतं. फॉर्म्युला वनमधला निळा आणखी वेगळा, तिथे एक फेरी मागे पडलेल्याने वाट दिली नाही तर दंड होतो.

हौशी रेसमध्ये एकाच वेळी वेगवेगळ्या क्लासच्या गाड्या धावतात. छोटी माझदा मियाटा आणि व्ही-एट इंजिनाची मोठी गाडी एकाच सरळ पट्ट्यावर असली तर वेगात ताशी 60 किलोमीटरचा फरक सहज पडतो. म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. 50 मीटर मागे असलेली गाडी तीन सेकंदांत शेजारी येते. या जोडीसाठी मोठी गाडी अजून लांब असतानाच निळा फडकवायला हवा. उलट, सारख्याच गाड्यांमध्ये पाच टक्क्यांचा फरक असेल तर ताशी 160 वेगाला तो सेकंदाला दोन-सव्वादोन मीटर एवढाच भरतो. इथे लवकर दाखवलेला निळा ड्रायव्हर पुढच्या दोन वळणांत विसरून जातो.

एकाच क्लासमध्ये जागेसाठी झुंजणाऱ्या दोघांना निळा दाखवायची गरज नसते, मागे कोण आहे हे पुढच्याला चांगलं ठाऊक असतं. त्यासाठी पोस्टवरच्या माणसाला पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत गाड्यांचा क्रम डोक्यात बसवावा लागतो. अनुभवी लोक हातावर टेप लावून त्यावर आघाडीच्या गाड्यांचे नंबर लिहितात. आणि पिवळा लागलेला असताना त्याच पोस्टवर निळा नसतो. ओव्हरटेकच बंद आहे, तर ‘मागून येतोय’ म्हणून सांगण्यात अर्थ काय?

बाकीचे झेंडे

पिवळ्या-लाल पट्ट्यांचा झेंडा म्हणजे पृष्ठभाग खराब: तेल, पाणी, खडी, गळून पडलेला बंपर. स्थिर धरायचा. एफआयएच्या नियमात पृष्ठभाग आधीच ठीक झाला नाही तर किमान चार फेऱ्या दाखवायचा. अमेरिकेतल्या क्लबांत साधारण दोन फेऱ्यांनी खाली घेतात, कारण तोवर सगळ्यांना ती जागा कळलेली असते आणि झेंडा मोकळा राहिला की नवीन तेल पडल्यावर पुन्हा दाखवता येतो.

पांढरा म्हणजे पुढे संथ वाहन आहे: रखडणारी गाडी, अँब्युलन्स, टो ट्रक. नासकार किंवा इंडीकार या अमेरिकी रेस बघणाऱ्यांना पांढरा म्हणजे शेवटची फेरी वाटतो. क्लब रेसमध्ये तसं समजून कुणी जोर लावला तर समोर टो ट्रक असतो.

काळ्या झेंड्यासोबत गाडीचा नंबर लिहिलेली पाटी. गुंडाळलेला काळा गाडीकडे रोखून हलवला तर ताकीद, उघडा दाखवला तर पिटमध्ये या. मध्ये केशरी गोळा असेल तर दोष गाडीत आहे: तेल गळतंय, सायलेन्सर लोंबतोय. इथे पोस्टचं खरं काम झेंडा दाखवण्यापेक्षा आधीचं, म्हणजे तो दोष बघून कंट्रोलला कळवण्याचं. धूर निळसर आहे की पांढरा, सतत आहे की फक्त गिअर बदलताना, उजव्या वळणावर येतो की डाव्या, एवढं सांगितलं तर कंट्रोलला ठरवता येतं.

कापड हातात धरण्याची रीत

एफआयएने झेंड्याचा किमान आकार 60 बाय 80 सेंटिमीटर ठरवलाय. लाल आणि चौकड्यांचा 80 बाय 100. एवढं कापड नीट उघडलं नाही तर लांबून ती रंगीत चिंधी दिसते. फडकवताना मनगट हलवून उपयोग नाही, खांद्यापासून हात फिरवून आडवा इंग्रजी आठ काढायचा, म्हणजे दोन्ही दिशांना कापड पूर्ण उलगडतं. स्थिर दाखवताना काठी एका हातात आणि कापडाचा खालचा मोकळा कोपरा दुसऱ्या हातात ताणून धरायचा, नाहीतर वाऱ्याने तो आपोआप फडकतो आणि ड्रायव्हर त्याचा फडकता झेंडा म्हणून अर्थ लावतो. पावसात कापड काठीला चिकटतं. दर दोन-तीन मिनिटांनी झटकून मोकळं करावं लागतं. न वापरलेले झेंडे गुंडाळून, ड्रायव्हरच्या नजरेआड.

पार्श्वभूमीही बघायची. मागे पिवळी होर्डिंग असेल तर पिवळा झेंडा गायब होतो, अशा वेळी दोन पावलं सरकून मागे डांबर किंवा आभाळ येईल असं उभं राहायचं. याच कारणाने एससीसीएचे मार्शल पांढरे कपडे घालतात आणि ब्रिटनमध्ये केशरी. लाल-पिवळे टी-शर्ट, टोप्या बाद. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. सिंथेटिक कापड आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं. हातात कातड्याचे मोजे, कारण अपघात झालेल्या गाडीचं बॉनेट आणि एक्झॉस्ट कुणाची वाट बघत थांबत नाहीत.

काही ट्रॅकवर आता दिव्यांचे पॅनल आले आहेत. ऊन-पावसात ते कापडापेक्षा जास्त चांगले दिसतात. पण बटण दाबायला कुणीतरी बघत असावं लागतंच.

पोस्टवरची माणसं

नीट भरलेल्या पोस्टवर पाच-सहा जण असतात: एक कॅप्टन, झेंड्यांवर दोघं, रेडिओवर एक, आणि गरज पडली तर ट्रॅकवर जाणारे दोघं. झेंड्यांवरची जोडी विरुद्ध दिशांना तोंड करून उभी राहते. बहुतेक ठिकाणी निळा असलेला येणाऱ्या गाड्यांकडे बघतो आणि पिवळा असलेला पुढच्या पोस्टच्या दिशेने, आपल्या तुकड्याकडे. म्हणजे पिवळेवाल्याची पाठ वाहतुकीकडे असते, आणि मागून गाडी अंगावर येऊ लागली तर ओरडून किंवा खांदा ओढून सांगणं ही निळेवाल्याची जबाबदारी. या जोडीत गप्पा मारायच्या तरी मान वळवायची नाही.

प्रत्यक्षात हौशी रेसला माणसं कमी पडतात आणि पोस्टवर तिघंच असतात. तेव्हा झेंडा आणि रेडिओ आधी, ट्रॅकवर धावणं बंद. कॅप्टनने सकाळीच कंट्रोलला कळवायचं: ‘आमच्याकडे बाहेर जायला माणूस नाही.’ मग तिथे गाडी पाठवायची योजना कंट्रोल करते.

सामान फार नसतं: झेंड्यांचा पूर्ण संच, नंबर पाटी, दोन अग्निशामक सिलिंडर, तेल शोषणारी पावडर (आपल्याकडे सिमेंट चालतं), दोन कडक झाडू, फावडं, शिट्टी, रेडिओ आणि कोऱ्या रिपोर्टचा गठ्ठा. सकाळी सिलिंडरच्या गेजचा काटा हिरव्यात आहे का आणि रेडिओ चालतो का हे पाहिल्याशिवाय ‘पोस्ट तयार’ म्हणायचं नाही. मोबाइल खिशात, बंद.

रेडिओवर काय बोलायचं

एका वाहिनीवर दहा-पंधरा पोस्ट असतात. एक बोलत असताना बाकीच्यांचा रस्ता बंद. म्हणून आधी हाक मारायची, परवानगी मिळाली की बोलायचं, आणि बोलण्याचा क्रम ठरलेला:

‘कंट्रोल, पोस्ट पाच.’
‘बोला, पाच.’
‘गाडी दोन-तीन, पांढरी. गिरकी. ड्रायव्हरच्या डावीकडे, चारही चाकं ट्रॅकबाहेर, कठड्याला लागलेली नाही. इंजिन चालू, ड्रायव्हरने हात केलाय. स्थिर पिवळा. मदत नको.’
दहा सेकंदांनी: ‘दोन-तीन ट्रॅकवर परत, पुढे गेली. पाच मोकळी.’

नंबर एकेक आकडा सुटा करून सांगायचा. रेडिओच्या खरखरीत ‘तेवीस’ आणि ‘त्रेचाळीस’ यांची गल्लत होते, रंग सोबत असला तर पडताळा मिळतो. डावी-उजवी बाजू नेहमी ड्रायव्हरची, गाडी ज्या दिशेने धावते त्या दिशेने. पोस्टवरून बघताना आपली डावी ती त्याची उजवी असू शकते, आणि एवढ्या चुकीपायी टो ट्रक ट्रॅकच्या भलत्या बाजूला जाऊन उभा राहतो.

जोराची धडक असेल तर हाक बदलते: ‘पोस्ट पाच, इमर्जन्सी.’ हे ऐकलं की बाकी सगळे गप्प. पहिलं वाक्य काय घडलं आणि कुठे. दुसरं ट्रॅक किती अडलाय. तिसरं ड्रायव्हरबद्दल. ड्रायव्हर हलतोय का, खूण करतोय का, अजून आत आहे की बाहेर. दिसत नसेल तर ‘दिसत नाही’ असंच सांगायचं, ‘ठीक असावा’ हे शब्द रेडिओवर चालत नाहीत.

या तिसऱ्या वाक्याची किंमत 29 जुलै 1973ला झांडवूर्टच्या डच ग्रांप्रीत कळली. रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. दुसरा ड्रायव्हर डेव्हिड पर्ली स्वतःची गाडी थांबवून एकटा ती सरळ करायला धडपडत होता. जवळच्या मार्शलकडे आगीपासून वाचवणारे कपडे नव्हते. जळत्या गाडीशेजारी हेल्मेट घातलेला ड्रायव्हर उभा दिसला, तेव्हा तो त्याच गाडीतून सुखरूप बाहेर पडलाय अशी समजूत झाली. रेस चालूच राहिली. विल्यमसन आत होता.

आवाजाने रेडिओ ऐकू येत नाही तेव्हा हातांच्या खुणा वापरतात: टो ट्रक, अँब्युलन्स, आगीची गाडी, ‘सगळं ठीक’ यांना ठरलेल्या खुणा असतात. त्या क्लबागणिक बदलतात, सकाळच्या बैठकीत कॅप्टनकडून प्रत्यक्ष करून घ्याव्यात.

ट्रॅकवर पाऊल टाकण्याआधी

5 मार्च 1977, क्यालामी, दक्षिण आफ्रिकन ग्रांप्री. एक गाडी ट्रॅकच्या कडेला थांबली आणि छोटी आग लागली. समोरच्या बाजूने दोन मार्शल परवानगीशिवाय ट्रॅक ओलांडून धावले. जागा चढाच्या माथ्यापलीकडची, येणाऱ्या ड्रायव्हरना ते दिसणं शक्य नव्हतं. दुसरा मार्शल फ्रेडरिक यान्सेन व्हान व्यूरेन अवघा 19 वर्षांचा होता. ड्रायव्हर टॉम प्राइसच्या गाडीने तो उडाला, त्याच्या हातातला सुमारे 18 किलोचा सिलिंडर प्राइसच्या डोक्यावर आदळला. दोघंही गेले. ज्या गाडीसाठी ते धावले तिचा ड्रायव्हर स्वतःच बाहेर पडला होता.

आजचे नियम यातून तावूनसुलाखून आलेले आहेत. कॅप्टनने नाव घेऊन ‘जा’ म्हटल्याशिवाय कुणी जायचं नाही. जाण्याआधी फडकता पिवळा लागलेला असला पाहिजे आणि एक-दोन गाड्यांनी त्याला मान देऊन वेग कमी केलेला दिसला पाहिजे. चालू ट्रॅक ओलांडायचा नाही, पलीकडच्या बाजूला पलीकडची पोस्ट किंवा गाडी जाते. तोंड कायम येणाऱ्या वाहतुकीकडे. दोघं गेले तर एक काम करतो, दुसरा फक्त बघतो. शिट्टी वाजली की हातातलं टाकून कठड्यामागे.

एका गाडीने जिथे ताबा सोडला तिथेच दुसरीचाही सुटतो, कारण तेल, पाणी किंवा वळणाचा बाक दोघींना सारखाच असतो. 5 ऑक्टोबर 2014ला सुझुकात पावसात दुहेरी पिवळे फडकत असताना ज्यूल्स बियांकीची गाडी नेमकी आधीच्या घसरलेल्या गाडीच्या जागी गेली आणि तिला उचलणाऱ्या क्रेनवर आदळली. पुढच्या वर्षी तो गेला. 2015पासून फॉर्म्युला वनमध्ये व्हर्च्युअल सेफ्टी कार आली, ज्यात सगळ्यांना ठरावीक वेगमर्यादेत आणलं जातं. हौशी रेसमध्ये तसली इलेक्ट्रॉनिक सोय नसते. तिथे उपाय एकच: क्रेन किंवा टो ट्रक वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाणार असेल तर नुसत्या एका पोस्टच्या पिवळ्यावर भागवू नये, पेस कार किंवा सगळीकडे काळा मागावा.

गाडीपाशी पोचल्यावर पहिल्यांदा ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघा आणि बोला. छत असलेल्या गाड्यांमध्ये खिडकीला जाळी असते. ड्रायव्हरने ती आतून खाली टाकली तर तो शुद्धीवर आहे, हा जगभर ओळखला जाणारा संकेत. आग नसेल तर जखमी ड्रायव्हरला ओढून काढायचं नाही, ते वैद्यकीय पथकाचं काम. मग बाहेरून निळा त्रिकोण शोधा, त्यात लाल वीज काढलेली असते: तो बॅटरी तोडण्याचा मुख्य स्विच. लाल गोलातलं इंग्रजी ‘ई’ अक्षर म्हणजे गाडीतली आग विझवायची यंत्रणा तिथे ओढायची.

आग असेल तर वारा पाठीवर घेऊन, ज्वाळांच्या मुळाशी पावडर मारायची. हातातला सहा किलोचा सिलिंडर साधारण 15 ते 20 सेकंदांत संपतो. चालत जातानाच खटका दाबणारे लोक गाडीपाशी रिकाम्या सिलिंडरने पोचतात. म्हणून पहिला मारतो तेव्हा दुसरा भरलेला सिलिंडर घेऊन मागे तयार. विझली असं वाटलं तरी लगेच पाठ फिरवायची नाही. गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकत असेल तर ती पुन्हा पेटते.

कागदावर

पिवळ्याखाली ओव्हरटेक झाला तर रिपोर्ट लिहावा लागतो, आणि वाईट लिहिलेल्या रिपोर्टमुळे दोषी सुटतात. कुणी कुणाला मागे टाकलं, दोघांचे नंबर आणि रंग, झेंड्याच्या किती पुढे, झेंडा त्या वेळी लागून किती वेळ झाला होता, स्थिर की फडकता, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघणारे कोण. दोन्ही गाड्या झेंड्यापाशी आधीच शेजारी-शेजारी होत्या का, हे हमखास विचारलं जातं. ‘बेफिकीरपणे’, ‘मुद्दाम’ असे शब्द काढून टाका. ते ठरवायला स्टुअर्ड आहेत. रिपोर्ट त्या सेशनच्या लगेच नंतर लिहायचा. संध्याकाळपर्यंत तीन पांढऱ्या गाड्यांची डोक्यात एकच गाडी झालेली असते.

सामील व्हायचं असेल तर

 पुण्या-मुंबईकडचे, कोल्हापूरचे रेसर चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटला किंवा कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेला जातात. मार्शल व्हायचं तरी वाट तीच: रेस भरवणाऱ्या क्लबकडे आधी नाव नोंदवायचं, त्यांचं प्रशिक्षण घ्यायचं. आपल्याकडे एक जादा विषय येतो तो जनावरांचा. 2011च्या पहिल्या इंडियन ग्रांप्रीत, ग्रेटर नोएडाच्या नव्याकोऱ्या बुद्ध सर्किटवर, पहिलंच सराव सत्र ट्रॅकवर शिरलेल्या कुत्र्यामुळे थांबवावं लागलं होतं. कुत्रा दिसला तर फडकता पिवळा आणि लगेच रेडिओ. त्याच्यामागे धावायचं नाही, तो हमखास ट्रॅककडेच पळतो.

अमेरिकेत असाल तर आपल्या भागातल्या एससीसीए रीजनच्या फ्लॅगिंग प्रमुखाला लिहा. अनुभव लागत नाही, पहिल्या दिवशी तुम्हाला जाणत्या माणसासोबत उभं करतात आणि निळा हातात देतात, कारण गाड्या वाचायला त्यानेच शिकता येतं. नेमबाजीत वापरतात तसले कानातले बोळे, दोन लिटर तरी पाणी, पांढरी टोपी, घोट्यापर्यंतचे बूट, रेनकोट (पिवळा नको) आणि बॉलपेनऐवजी पेन्सिल बरोबर ठेवा. पावसात ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही.